पंखा बंद तर माणसं बाहेर

राजूरमधली हीटिंगची सेवा अत्यंत भरवशाची आहे. मार्चच्या मध्यावर सुरू होते, मृग बरसेपर्यंत चालते, वीज लागत नाही, बिल येत नाही आणि ती बंद पडल्याची तक्रार आजवर कुणी केलेली नाही. रात्रपाळीही करते. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत घरातल्या माणसांना ऊब देत राहतो. डिसेंबरात कधी गिझरची कॉइल गेलीच, तर अंगणात चूल पेटवून हंडा ठेवला की भागतं. तेव्हा हीटिंगच्या दुरुस्तीचा विषय इथंच संपला. उरलं कूलिंग.

आधी पत्ता नीट सांगतो, कारण राजूर नावाची गावं राज्यात बरीच. अकोले तालुक्यातलं थंड हवेचं राजूर वेगळं, जालन्याकडचं गणपतीचं राजूर वेगळं. आपलं राजूर म्हणजे वणी तालुक्यातलं, यवतमाळ जिल्ह्यातलं, राजूर कॉलरी. जमिनीत कोळसा आणि चुनखडी, जमिनीवर चुनाभट्ट्या आणि वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सची, क्वार्टरं. जिल्हा यवतमाळ असला तरी ते दूर. जवळ आहे ते चंद्रपूर. म्हणजे कागदपत्रांसाठी यवतमाळ आणि उन्हासाठी चंद्रपूर अशी या भागाची सोय आहे. देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांची यादी दर उन्हाळ्यात निघते, तिच्यात चंद्रपूरचं नाव शोधावं लागत नाही.

हवामान खात्याच्या हिशेबात सपाट प्रदेशात पारा ४५ ला टेकला की उष्णतेची लाट आणि ४७ ला टेकला की तीव्र लाट. इकडे नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की ही लाट पाहुणी राहत नाही, घरची होते. तापमापकही थकतात. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं तपासणी केली आणि सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सरकारी तापमापकाला निदान तपासायला माणूस लगेच मिळाला. तुमच्या-आमच्या कूलरला मिळतो का, एवढाच प्रश्न आहे.

तर समजा, मे महिना. दुपारचे अडीच. घरात आजी आहे, तान्हं बाळ आहे, आणि कूलरची मोटर घूंऽऽ करून थांबली. तुम्ही मिस्त्र्याला फोन लावता.

"आलोच ना भाऊ. रस्त्यातच हाओ."

हा रस्ता कोणता, हे भूगोलाला आजवर उलगडलेलं नाही. सकाळी तो वणीच्या रस्त्यात असतो, दुपारी कुंभारखणीच्या, संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाच्या. तिसऱ्यांदा फोन केला की बायको उचलते, म्हणते, "ते जेवून राह्यले." चौथ्यांदा मोबाइल बंद. लोक त्याला शिव्या घालतात. मी घालणार नाही. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी जमिनीखाली एक चक्कर मारून येऊ.

कोळसा खाणींसाठी आपल्या देशात १९५७ ची एक नियमावली होती. पुढे तिची जागा नव्या नियमावलीनं घेतली. या १९५७ च्या कागदात खाणीतल्या हवेबद्दल फार सुंदर गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. काम चालतं तिथलं ओल्या फुग्याचं तापमान, म्हणजे तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून मोजतात ते, ३३.५ अंशांच्या वर जाता कामा नये. ३०.५ च्या वर गेलं, तर सेकंदाला निदान एक मीटर वेगानं वारा खेळता पाहिजे. आणि खाणीचा मुख्य पंखा थांबलाच, तर माणसं बाहेर कशी काढायची याचे आदेश व्यवस्थापकानं आधीच लिहून निरीक्षकाकडे द्यायचे. पंखा बंद पडल्यावर फोनाफोनी करायची नाही. पंखा चालू असतानाच ठरवून ठेवायचं.

आता याच खाणीतला कामगार पाळी संपवून वर येतो, क्वार्टरमध्ये जातो, आणि तिथला पंखा बंद. इथं कुठला नियम? इथं नियम असा की त्यानं लुंगी गुंडाळून ओसरीत बसावं आणि पुठ्ठ्यानं वारा घ्यावा. खाली पंखा थांबला तर कायदा हलतो, वर थांबला तर फक्त पुठ्ठा हलतो. ज्या गावाला पंख्याचं महत्त्व कायद्यानं शिकवलंय, त्या गावातही घरातला पंखा ही खाजगी बाब आहे.

पहिला बिघाड बहुतेक वेळा घरात नसतोच, म्हणा. तो कोपऱ्यावरच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. इकडच्या खाणींचा कोळसा औष्णिक केंद्रांकडे जातो. चंद्रपूरचं केंद्र एकटं २,९२० मेगावॉटचं. कोळशाची धूळ इथल्या लोकांच्या फुफ्फुसात, वीज मुंबईच्या मॉलमध्ये, असं म्हणणं फार जुनं झालं आणि ते थोडं रडकंही आहे. पण एप्रिल २०२२ विसरता येत नाही. देशात कोळसा कमी पडला आणि महाराष्ट्रात भारनियमन झालं. कोळशावर पलंग टाकून झोपणाऱ्यांना सांगण्यात आलं की कोळसा नसल्यामुळे लाइन जाईल. भारनियमनाचे गट कसे पाडतात, तर ज्या फीडरवर गळती जास्त आणि वसुली कमी, त्याला अंधार जास्त. म्हणजे शेजाऱ्यानं आकडा टाकला की माझा कूलर बंद. शेजारधर्म याहून घट्ट काय असतो!

डीपी जळाली तर? त्याचीही मुदत ठरलेली आहे. वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांत शहरी भागासाठी २४ तास आणि ग्रामीण भागासाठी ४८ तास आहेत. राजूरला जनगणनेनं शहर म्हटलं, पण कारभार ग्रामपंचायतीचा. जनगणनेच्या दिवशी शहरी, डीपी जळाली की ग्रामीण. ग्रामीण माणसाला घाम दुप्पट वेळ सोसतो, असा आयोगाचा वैद्यकीय अभ्यास असावा. मुदत उलटली तर ग्राहकाला भरपाईही आहे. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनी तर चोवीस तास वीज हा हक्कच सांगून टाकलाय आणि भरपाई आपोआप मिळेल अशी सोय करायला सांगितलीय. ती आपोआप कुणाच्या बिलात आलेली पाहिली असेल, तर त्या बिलाची फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावा. तक्रारीचा क्रमांक १९१२. तो मात्र लावा; कारण तक्रार नोंदलीच नाही तर ते ४८ तास सुरू होत नाहीत, आणि लाइनमनच्या खाजगी मोबाइलवर केलेली विनवणी ही तक्रार धरत नाहीत. आपण नेमकं उलटं करतो. लाइनमनला दहा फोन, १९१२ ला एकही नाही.

बरं, वीज आहे. बिघाड घरातच आहे. मग प्रश्न असा की घरात काय आहे: पत्र्याचा कूलर की एसी?

पत्र्याचा कूलर हे विदर्भाचं खरं औद्योगिक धोरण. चार बाजूंनी पत्रा, तीन बाजूंना गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्या, पोटात टुल्लू पंप, मागून गरम हवा आत आणि पुढून गार हवा बाहेर. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता गिळतं. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फुग्याचं तापमान २३ च्या आसपास येतं. ताट्या नीट भिजत असतील तर खोलीत २७-२८ अंशांची हवा येते. विजेचा खर्च एका पंख्याचा आणि एका चिमुकल्या पंपाचा. मुंबईत हेच यंत्र लावलं तर घरात चिखल होईल. इकडे ते राजा आहे, कारण इकडचं ऊन कोरडं आहे.

आणि त्याचं खरं मोठेपण गारव्यात नाही, दुरुस्तीत आहे. या यंत्रात असं काहीही नाही जे वणीच्या बाजारात सुटं मिळत नाही. मोटर वेगळी मिळते, पाती वेगळी, पंप वेगळा, ताटी वेगळी, फ्लोट वेगळा, खालच्या टाकीला भोक पडलं तर एम-सीलही मिळतं. पंखा घुमतो पण फिरत नाही, काडीनं ढकलला की फिरतो? कंडेन्सर गेला. शास्त्रात त्याला कपॅसिटर म्हणतात. वणीत त्या नावानं मागितला तर दुकानदार तुमच्याकडे बाहेरगावचा माणूस म्हणून पाहील. पंखा फिरतो पण कण्हतो? बुश सुकलेत, तेल टाका. जळका वास येतो? वाइंडिंग. पंप गुरगुरतो पण पाणी चढत नाही? जाळीत क्षार. या शेवटच्या बाबतीत राजूरवर निसर्गाची खास मेहेरबानी आहे: जी चुनखडी भट्ट्यांना जगवते, तीच बोअरच्या पाण्यातून कूलरमध्ये येते आणि ताट्यांवर पांढरी पुटं धरते. मेच्या मध्यापर्यंत गवत खडूसारखं कडक होतं. लोक म्हणतात, कूलर जुना झाला. कूलर बरा आहे. त्याच्या नळ्यांतून आठवड्याला एकदा काडी फिरवली आणि टाकीतलं खारं पाणी ओतून टाकलं, तर निम्म्या इमर्जन्सी उद्भवणारच नाहीत. पण टाकी धुणं हे काम घरातल्या कोणत्या पुरुषाचं, हे कोणत्याच घरात ठरलेलं नसतं.

आता आला प्लास्टिकचा कूलर. देखणा, चाकं असलेला, रिमोट असलेला. आत एक बोर्ड. बोर्ड गेला की राजूरचा मिस्त्री हात वर करतो, वणीचा म्हणतो चंद्रपूरला न्या, चंद्रपूरचा म्हणतो नागपूरहून मागवतो, आणि नागपूरहून येईपर्यंत श्रावण. ग्राहक व्यवहार मंत्रालयानं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी तिथं सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती द्यावी म्हणून. कल्पना चांगली. पण हक्क पोर्टलवर आणि बोर्ड नागपुरात असताना घाम मात्र राजूरमध्येच येत राहतो.

एसीचं तर विचारूच नका. पण विचारायलाच हवं, कारण आता तो हप्त्यावर मिळतो आणि क्वार्टरा-क्वार्टरांतून लटकायला लागलाय. दुकानात त्याच्या छातीवर तारे मोजून घेतात. ते तारे कसे ठरतात हे दुकानदार सांगत नाही: वर्षाला १,६०० तास चालणार आणि बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांच्या दरम्यान असणार, असं धरून. ४३! राजूरला मेमध्ये ४३ म्हणजे ढगाळ दिवस. त्याच्या पुढचे अंश हे तुमचे, तुमच्या बिलाचे आणि तुमच्या कॉम्प्रेसरचे. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर, उन्हात, वर कोळशाची काळी आणि चुन्याची पांढरी भुकटी. जाळी बुजली, गरमी बाहेर टाकता येत नाही, कॉम्प्रेसर ट्रिप होतो. मालक म्हणतो, एसी बिघडला. त्याला फक्त आंघोळ हवी असते. मेन स्विच बंद करून, साध्या पाण्याच्या धारेनं, पात्या न वाकवता.

पण तुम्ही कंपनीच्या क्रमांकावर फोन करता. तिथं एक गोड आवाज तुमचं नाव, पिनकोड आणि बिलाचा फोटो मागतो. तिकीट तयार होतं. तिकिटाला नंबर मिळतो. तंत्रज्ञ येण्याआधी तुमच्याकडे ओटीपी येतो, तंत्रज्ञ मात्र नाही. दोन दिवसांनी तक्रार सोडवल्याचा संदेश येतो आणि तुम्ही सेवेला पाच पैकी किती गुण द्याल असं विचारलं जातं. इथं एक गंमत पाहण्यासारखी आहे. नुसतं पाहायला येण्याचे पैसे कंपनीला आपण आगाऊ, ऑनलाइन, चूं न करता भरतो. गावातल्या मिस्त्र्यानं स्टूलवर चढून, हात भाजून, तासाभरात कूलर चालू करून दोनशे मागितले की, "काय बे, दोन स्क्रू तर आवळले!"

एसीवाल्यांतली एक जमात वेगळी सांगितली पाहिजे. घरात पाऊल ठेवायच्या आत यांचं निदान झालेलं असतं: "गॅस संपला." गॅस काही पेट्रोल नाही. तो बंद नळीत फिरत राहतो, जळत नाही, झिजत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न बुजवता भरलेला गॅस पुढच्या अमावास्येपर्यंत पुन्हा उडणार. तेव्हा त्याला दोनच गोष्टी विचारा: गळती कुठं आहे ते दाखवा, आणि व्हॅक्यूम पंप आणलाय का. नळीतली हवा आणि ओल ओढून न काढता गॅस भरणारा मिस्त्री तुमचा एसी दुरुस्त करत नाही. पुढच्या वर्षीचं स्वतःचं गिऱ्हाईक पक्कं करतो. एसीच्या पाटीवर कोणता गॅस लिहिलाय तेही वाचा. आर-२२ असेल तर ते यंत्र म्हातारं आहे. तो गॅस २०३० पर्यंत देशातून हद्दपार करायचं ठरलंय. आर-३२ असेल तर तो थोडा ज्वालाग्राही असतो, म्हणून बिडी ओढत टॉर्च पेटवणाऱ्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

आता ज्या बिघाडाला खरोखर इमर्जन्सी म्हणायचं, तो सांगतो. त्यात कूलर बंद पडत नाही, उत्तम चालतो. ताट्या भिजलेल्या, हवा गार, आणि पत्र्यात करंट.

विदर्भात एकही उन्हाळा असा जात नाही की कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून माणूस गेल्याची बातमी येत नाही. बाई बादली घेऊन येते, पाय ओले, फरशी ओली, बटण चालूच. पोरगं खेळता खेळता हात लावतं. महावितरण दर मार्चमध्ये पत्रक काढतं: पाणी भरताना प्लग काढा, तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा. वर्तमानपत्रं ते छापतात. आपण त्याच पानात पोळ्या गुंडाळतो.

अर्थिंगचा खड्डा कसा भरतात माहितीय? कोळसा आणि मीठ. लाकडी कोळसा असतो तो, पण तरीही. कोळशाच्या गावात अर्थिंग नसावं, यासारखा विनोद दुसरा नाही. बऱ्याच घरांत तिसऱ्या पिनेला जोडलेली वायर भिंतीत शिरते आणि तिथंच संन्यास घेते. जिथं खड्डा आहे तिथंही मेमध्ये जमीन फुटाणे भाजावेत इतकी कोरडी होते, आणि कोरडी जमीन करंट वाहून नेत नाही. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकायचं असतं. कूलर रोज ड्रमभर पितो, ज्याच्यावर जीव अवलंबून तो खड्डा तहानलेला.

आणि "आमच्याकडे एमसीबी आहे ना" म्हणणाऱ्यांसाठी: एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. तो पडायला कित्येक ॲम्पिअर लागतात. माणूस त्याच्या शंभराव्या भागातही जाऊ शकतो. माणसासाठी वेगळं बटण असतं, आरसीसीबी, ३० मिलिॲम्पिअरचं. करंट भलत्या वाटेनं जायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतं. मिस्त्र्याला ते बसवायला सांगा. तो कदाचित म्हणेल, "काकाजी, ते घेऊ नका, सारखं पडत राह्यते." सारखं पडतंय याचा अर्थ घरात कुठं तरी गळती आहे आणि बटण ओरडून सांगतंय. त्याला गप्प करण्यासाठी काढून टाकणारा मिस्त्री कितीही लवकर येत असला तरी भरवशाचा नव्हे. भरवशाच्या मिस्त्र्याची माझी परीक्षा एवढीच: तो कूलरला हात लावण्याआधी टेस्टर लावतो का? लावत असेल तर तो उशिरा आला तरी थांबा.

तर या मिस्त्र्याला मी शिव्या का घालत नाही? कारण त्याचा हिशेब मांडून पाहा. त्याचा हंगाम होळीपासून मृगापर्यंत. त्याआधी तो शेतकऱ्यांच्या मोटारपंपांचं वाइंडिंग करतो, त्यानंतर पावसात जळालेल्या मोटारींचं. अख्ख्या गावाचे कूलर एकाच आठवड्यात बिघडतात, कारण अख्ख्या गावानं ते एकाच आठवड्यात माळ्यावरून काढलेले असतात, आणि माळ्यावर ठेवताना ताट्या तशाच ओल्या ठेवलेल्या असतात. उंदरानं वायर कुरतडलेली, पंपात मुंग्यांचं वारूळ, पत्र्याला गंज. मार्चमध्ये हाच मिस्त्री टपरीवर बसून चहा पीत होता. तेव्हा कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा त्याला दोनशे रुपयांत तुमचा कूलर उघडून, तेल टाकून, ताट्या बदलून, अर्थिंग तपासून द्यायला वेळही होता आणि उमेदही. पण मार्चमध्ये आपल्याला वाटतं, यंदा ऊन कमी आहे.

आणि मेमध्ये तो कुठं असतो? बाराच्या उन्हात पत्र्याच्या छतावर, एका हातानं ओला दुपट्टा आणि दुसऱ्या हातानं पाना सांभाळत. दुपारी बारा ते तीन बाहेर पडू नका, हा सरकारचा सल्ला पाळायला आपण घरात बसतो आणि तो पाळता यावा म्हणून त्याला बाहेर काढतो. त्याच्या दुकानात कूलर नाही. त्याचे शिकाऊ पोरगे दोन उन्हाळे काढतात आणि पुण्याला एखाद्या कंपनीत लागतात. रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून परत राजूरला दुकान टाकणारा पोरगा दिसला, तर त्याचा सत्कार आमदारांच्या आधी करायला हवा.

जूनमध्ये मात्र त्याच्यावर अन्याय होतो तो निराळाच. मृग लागतो, दोन सरी पडतात, आर्द्रता चढते, आणि गावभरचे फोन सुरू होतात: कूलर गार हवा देत नाही. देणारच नाही. हवा ३६ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के झाली की ओल्या फुग्याचं तापमान तीसला जातं. कूलर त्याच्या खाली उतरू शकत नाही. उलट खोलीत आणखी ओल भरतो. अंगावरचा घाम वाळत नाही, पापड मऊ पडतात, आजीचे गुडघे धरतात. मिस्त्री येतो, पाहतो, सांगतो, "काकू, कूलर ठीक हाये. पंप बंद करा, खिडक्या उघडा, नुसता पंखा चालवा." काकूंना हे पटत नाही. माणूस आला, काही न बदलता गेला, वर पन्नास रुपये मागतो म्हणजे काय! मग दुसऱ्या मिस्त्र्याला बोलावतात. तो हुशार असतो. तो मोटर बदलतो. तोवर चांगला पाऊस पडतो, हवा गार होते, आणि काकू दुसऱ्या मिस्त्र्याचं नाव साऱ्या मोहल्ल्याला सांगतात.

अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्माघाताशी लढायचा आराखडा केला, देशातला पहिला. नंतर नागपूरनं केला, मग जिल्ह्याजिल्ह्यांनी. त्यात पाणपोया असतात, दवाखान्यात थंड खाट असते, बागा दुपारी उघड्या ठेवणं असतं. सगळं योग्य. मात्र पंखा बंद पडला तर काय, याचं एक पानही त्यात माझ्या वाचनात आलेलं नाही. खाणीच्या नियमावलीत होतं ते पान. राजूरच्या ग्रामपंचायतीनं तेवढं पान उचलून आणावं, बाकी काही नको. गावात मिस्त्री कोण कोण, अर्थिंग कुणाला येतं, डीपी जळाली तर १९१२ वर तक्रार कोण नोंदवणार, आणि एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरचा पंखा थांबला तर त्यांना उठवून कोणत्या थंड खोलीत न्यायचं. शाळेची एक खोली, एक पत्र्याचा कूलर, एक ड्रम पाणी आणि चावी कुणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत. चावी हरवू नये, एवढंच तंत्रज्ञान त्यात लागतं.

ग्रामसभा वर्षातून चारदा ठरलेल्या असतात: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. हा विषय २६ जानेवारीच्या सभेत घ्यायचा. पण जानेवारीत सगळे स्वेटर घालून येतात, उन्हाळ्याचं नाव काढलं की हसतात, विषय १ मेवर ढकलतात. १ मेला ठेवायचा तर ठेवा, फक्त मिस्त्र्याला बोलावू नका. एक तर त्याला वेळ नाही. आणि चुकून आलाच, तर सभागृहाचा कूलर बंद असणार, सरपंच "जरा पाहा ना भाऊ" म्हणणार, आणि त्याचं बिल पुढच्या २६ जानेवारीच्या सभेत मंजुरीला येणार.